साखळीतली पहिली कडी

अमेरिकेत बी.एस. करायला गेलेल्या मुलामुलींना पहिल्याच ऑगस्टमध्ये एक काम करावं लागतं, ज्याची सवय आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांनी त्यांना लावलेली नसते. येत्या सेमिस्टरला कोणते चार-पाच कोर्स घ्यायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. बारावीपर्यंत वेळापत्रक वर्गाच्या दारावर चिकटवलेलं असायचं. इथे शेकडो कोर्सांची यादी समोर असते आणि जवळपास प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: या कोर्सच्या आधी अमुक आणि तमुक कोर्स झालेले हवेत, किमान 'सी' श्रेणीसह. हीच पूर्वअट, प्रीरिक्विझिट. मुलं कोर्सचं नाव वाचतात, वर्णन वाचतात, कोण कसं शिकवतं याची सीनियर्सकडे चौकशी करतात, सकाळी आठचं लेक्चर टाळतात. ती बारीक ओळ वाचायची राहून जाते. पदवी चार वर्षांत मिळणार की पाच, हे पुष्कळदा त्या ओळीवरच ठरतं.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोर्स निवडताना आवड, अवघडपणा आणि शिक्षक यांच्याही आधी क्रम बघावा, असं मला कळकळीने वाटतं. कोणता कोर्स पुढच्या किती कोर्सांची वाट अडवून बसला आहे हे एकदा दिसलं की निम्मी काळजी मिटते. ते दिसायला एक मोठा कागद, पेन्सिल आणि एक निवांत दुपार पुरते.

निवडीचं हे स्वातंत्र्य अमेरिकेतही काही फार प्राचीन नाही. चार्ल्स एलियट १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा मोठा भाग ठरलेला असे. लॅटिन, ग्रीक आणि गणित यांतून सुटका नव्हती. एलियट स्वतः रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी सक्तीचे विषय एकेक करून कमी केले आणि निवड विद्यार्थ्यावर सोपवली. काही वर्षांनी त्याची दुसरी बाजू दिसली. बरीच मुलं एकमेकांशी संबंध नसलेले प्राथमिक कोर्स गोळा करून पदवी घेऊ लागली. १९०९ मध्ये एलियट यांच्या जागी आलेल्या लॉरेन्स लोवेल यांनी त्याला वळण लावलं: एका विषयात खोल उतरायचं आणि बाकीचे थोडे थोडे, ठरावीक गटांतून घ्यायचे. आजचा मेजर आणि जनरल एज्युकेशनचा साचा या वाटेनेच रुळला. पदवीला साधारण १२० क्रेडिट, म्हणजे आठ सेमिस्टर आणि दरेक सेमिस्टरला १५. इतिहासात मेजर करणाऱ्याला या साच्यात ऐसपैस जागा मिळते. युरोपचा इतिहास आधी घेतला काय किंवा दक्षिण आशियाचा आधी घेतला काय, फारसं बिघडत नाही. विज्ञानात मात्र बिघडतं.

बायोकेमिस्ट्रीचा मेजर घेऊन बघू. आधी जनरल केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर, त्यावर ऑरगॅनिकची दोन, त्यावर बायोकेमिस्ट्रीची दोन. ही झाली सहा कड्यांची साखळी. आठ सेमिस्टरांत सहा कड्या बसवायच्या म्हणजे सवड फक्त दोन सेमिस्टरांची. शेजारून दुसरी साखळी चालते: कॅल्क्युलसचे दोन भाग, त्याला धरून फिजिक्सचे दोन भाग, आणि दोन्ही साखळ्या जाऊन फिजिकल केमिस्ट्रीत मिळतात. आता समजा, सांगलीहून गेलेल्या एका मुलीने ठरवलं, नवा देश आहे, नवी भाषा आहे, पहिल्या वर्षी केमिस्ट्री नको. आधी इंग्रजी, मानसशास्त्र, संगीताचा इतिहास असे हलके कोर्स उरकून घेऊ. निर्णय समजूतदार वाटतो. पण सगळी सवड तिथेच संपली. पुढे ऑरगॅनिकच्या पहिल्या भागात तिला 'डी' मिळाली तर दुसरा भाग घेता येणार नाही. अनेक लहान कॉलेजांत पहिला भाग फक्त फॉल सेमिस्टरमध्ये, ऑगस्ट ते डिसेंबर, शिकवतात. म्हणजे तो पुन्हा मिळणार थेट पुढच्या ऑगस्टमध्ये. एका कोर्सपायी एक वर्ष गेलं, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या फीच्या हिशेबात ते वर्ष घरच्यांना किती जड जातं हे सांगायला नको. मोठ्या विद्यापीठांत असे कोर्स दोन्ही सेमिस्टरांत मिळतात, पण वरच्या वर्गांचे काही कोर्स लहान विभागांत वर्षाआडच होतात. म्हणून कोर्सच्या नावापुढे तो केव्हा शिकवला जातो, हेही त्या कागदावर लिहून ठेवायला हवं.

या सगळ्यामागे गणित आहे आणि ते देखणं आहे. प्रत्येक कोर्ससाठी कागदावर एक टिंब काढायचं. 'हा झाला की तो' असं जिथे असेल तिथे पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण काढायचा. मग ज्या टिंबाकडे एकही बाण येत नाही अशी सगळी टिंबं उचलायची. हे कोर्स आज घेता येतात. ती खोडायची, त्यांच्यापासून निघालेले बाणही खोडायचे. आता जी टिंबं नव्याने मोकळी झाली ती पुढच्या सेमिस्टरला. असं करत शेवटापर्यंत जायचं. आर्थर कान यांनी १९६२ साली ही रीत एका शोधनिबंधात मांडली. त्यांच्या डोळ्यांपुढे मोठ्या प्रकल्पांतल्या कामांचा क्रम होता, कोर्सांचा नव्हता. आज कॉम्प्युटर सायन्सचे विद्यार्थी ती 'टोपोलॉजिकल सॉर्ट' या नावाने शिकतात आणि गंमत म्हणजे पाठ्यपुस्तकं उदाहरणादाखल बहुधा कोर्सांचाच क्रम देतात. वर्गात हे गणित सोडवलेली मुलंसुद्धा स्वतःच्या कोर्सांना ते लावून बघत नाहीत.

अमेरिकेत ग्रेगरी हाइलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आधी न्यू मेक्सिको आणि पुढे ॲरिझोना विद्यापीठात, या बाणांच्या आकृतीला आकडे जोडले. प्रत्येक कोर्सचे दोन आकडे काढायचे. पहिला: हा कोर्स अडला तर त्याच्या पुढचे एकूण किती कोर्स अडतात. दुसरा: या कोर्समधून जाणारी सगळ्यांत लांब साखळी किती कड्यांची आहे. दोन्हींची बेरीज जितकी मोठी, तितका तो कोर्स पदवीच्या दृष्टीने नाजूक. फिजिक्सच्या मेजरचे आठच कोर्स घेऊन हे करून बघा. कॅल्क्युलस एक, त्यावर कॅल्क्युलस दोन, त्यावर कॅल्क्युलस तीन. कॅल्क्युलस एकवरच फिजिक्स एक, त्यावर फिजिक्स दोन, त्यावर मॉडर्न फिजिक्स, त्यावर क्वांटम मेकॅनिक्स. क्वांटमला कॅल्क्युलस तीनसुद्धा लागतं. आणि विद्युतचुंबकत्वाला फिजिक्स दोन आणि कॅल्क्युलस तीन, दोन्ही लागतात. आता मोजा. क्वांटमच्या पुढे काहीच नाही, म्हणून पहिला आकडा शून्य. त्यातून जाणारी लांबात लांब साखळी पाच कड्यांची. बेरीज पाच. फिजिक्स एक अडलं तर चार कोर्स अडतात, साखळी पाचचीच, बेरीज नऊ. कॅल्क्युलस एक अडलं तर उरलेले सातच्या सात कोर्स अडतात, साखळी पाच, बेरीज बारा.

ज्या क्वांटमच्या नावाने सगळ्यांच्या पोटात गोळा येतो तो पाचावर आणि पहिल्या सेमिस्टरचं साधं कॅल्क्युलस बारावर. क्वांटम राहिलं तर एकटं राहतं. कॅल्क्युलस राहिलं तर सगळं फिजिक्स त्याच्यामागे ताटकळतं. म्हणून सगळ्यांत जास्त तास, शिकवणी, शिक्षकांच्या ऑफिसात जाऊन विचारलेल्या शंका, या सगळ्यांचा पहिला हक्क पहिल्या वर्षाच्या त्या कोर्सवर आहे. मुलं नेमकं उलट करतात. 'हे तर बारावीत झालंय' म्हणून पहिले दोन महिने तिकडे ढुंकून बघत नाहीत, आणि ज्या विषयाने सात कोर्स अडू शकतात त्यात 'सी'च्या काठावर येऊन उभी राहतात.

बारावीचं गणित चांगलं झालं असेल तर मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या किंवा सीबीएसईच्या बारावीत डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन आणि डिफरन्शिअल इक्वेशनची तोंडओळख झालेली असते. बहुतेक विद्यापीठांत गणिताची प्लेसमेंट परीक्षा असते. ती नीट तयारी करून दिली तर काही ठिकाणी पहिल्या सेमिस्टरला थेट कॅल्क्युलस दोन किंवा तीन घेता येतं आणि साखळीतल्या एक-दोन कड्या गाठीला जमा होतात. ही परीक्षा अनेक मुलं विमानाच्या थकव्यात, ऑनलाइन, 'बघू काय येतं ते' म्हणून देतात. एक आठवडा जुनी वही काढून बसलं तर एक सेमिस्टर वाचू शकतं. मात्र ज्याचं इंटिग्रेशन खरंच कच्चं आहे त्याने केवळ पुढे जाता येतंय म्हणून उडी मारू नये. सूत्रं पाठ असणं आणि नवा प्रश्न सोडवता येणं यांतला फरक कॅल्क्युलस तीनच्या तिसऱ्या आठवड्यात उघडा पडतो.

आता पूर्वअटीच्या खरेपणाबद्दल. काही अटी विषयाच्या गाभ्यातून आलेल्या असतात. फिजिकल केमिस्ट्रीला कॅल्क्युलस का लागतं ते बघा. वायूने भरलेलं एक घट्ट बंद भांडं तापवलं. घनफळ वाढायला वाव नाही, त्यामुळे दिलेली सगळी उष्णता तापमान वाढवण्यात जाते. आता त्याच भांड्याला वर सरकता दट्ट्या बसवला. वायू तापला की फुगतो आणि दट्ट्याला वर ढकलतो. त्या ढकलण्यात काही ऊर्जा खर्च होते, म्हणून तापमान तेवढंच वाढवायला जास्त उष्णता लागते. एकाच वायूच्या अशा दोन उष्माधारकता निघतात. एक मोल आदर्श वायूसाठी दोन्हींतला फरक दर केल्व्हिनला ८.३१४ ज्यूल भरतो. शब्दांत हे कुणालाही समजतं. पण फळ्यावर हे पार्शल डेरिव्हेटिव्हमध्ये लिहिलं जातं: घनफळ धरून ठेवा आणि तापमान हलवा, किंवा दाब धरून ठेवा आणि तापमान हलवा. ज्याने अनेक चलांचं कॅल्क्युलस केलेलं नाही त्याला ते वळणदार 'डी' एक चित्र वाटतं आणि तो ते चित्रासारखं वहीत उतरवून घेतो. पुढच्या आठवड्यांत एन्ट्रॉपी, मुक्त ऊर्जा, मॅक्सवेलचे उष्मागतिकीतले संबंध, सगळं याच चिन्हांत येतं. इथे पूर्वअट डावलून आत शिरणं म्हणजे सेमिस्टरभर परक्या भाषेतलं भाषण ऐकत बसणं.

काही अटी मात्र सवयीतून आलेल्या असतात. ऑरगॅनिकच्या आधी जनरल केमिस्ट्रीचं अख्खं वर्ष हवंच का? त्या वर्षात वायूंचे नियम असतात, विद्युतरसायन असतं. ऑरगॅनिकच्या पहिल्या धड्यांना त्यातलं फारसं लागत नाही. लागतात ते बंध, रेणूंचे आकार, आम्ल आणि आम्लारी. मिशिगन विद्यापीठाने १९८९ मध्ये याच विचाराने रचना बदलली आणि शाळेतली केमिस्ट्री पक्की असलेल्या मुलांना पहिल्याच सेमिस्टरला ऑरगॅनिकपासून, रेणूची रचना आणि त्याची अभिक्रियाशीलता इथून, सुरुवात करू दिली. ओहायोतल्या राइट स्टेट विद्यापीठाने २००४ मध्ये इंजिनियरिंगच्या बाबतीत आणखी धीट पाऊल टाकलं. तिथली मुलं इंजिनियरिंगला येत आणि पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये अडकून, इंजिनियरिंगचा एकही धडा न शिकता निघून जात. नेथन क्लिंगबाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या काही इंजिनियरिंग कोर्सांना प्रत्यक्षात नेमकं किती गणित लागतं ते तपासलं आणि तेवढंच एका कोर्समध्ये आणलं. तो इंजिनियरिंगचेच प्राध्यापक शिकवणार आणि सोबत प्रयोगशाळा असणार. तो कोर्स झाला की इंजिनियरिंगचं दार उघडतं. पारंपरिक कॅल्क्युलस करावंच लागतं, पण सवडीने. पुढे इतर अनेक विद्यापीठांनी हा नमुना उचलला. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण त्यात मुलं कच्ची आहेत असं गृहीत धरून थांबण्याऐवजी क्रमच तपासायला घेतला.

विद्यार्थ्याला रचना बदलता येत नाही, पण विचारता येतं. जवळपास प्रत्येक विभागात प्राध्यापकाच्या परवानगीने पूर्वअट शिथिल करण्याची सोय असते. चार ओळींचा मेल पुरतो: मी अमुक केलंय, अमुक पुस्तकातून एवढं वाचलंय, अमुक राहिलंय ते येत्या सुट्टीत करीन, मला बसू द्याल का? आपल्या मुलांना हा मेल लिहायचा संकोच वाटतो. मोठ्यांशी कामापुरतं बोलायची, नियम म्हणजे नियम मानायची सवय असते. नकार आला तर काही बिघडत नाही. होकार आला तर एक वर्ष वाचतं. फक्त अट गाभ्यातली आहे की सवयीतली, याचा आधी स्वतःशी प्रामाणिकपणे विचार करावा. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे त्या कोर्सच्या मागच्या वर्षीच्या पहिल्या दोन गृहपाठांवर नजर टाकणं. प्रश्न वाचून काय विचारलंय हे समजत असेल तर वाट आहे.

साखळी कळली तरी सगळं एकदम घ्यायचं नसतं. विज्ञानाच्या कोर्सला क्रेडिट आणि तास यांचा मेळ बसत नाही. केमिस्ट्रीचा चार क्रेडिटचा कोर्स म्हणजे तीन तास लेक्चर आणि एका क्रेडिटची लॅब, आणि ती एका क्रेडिटची लॅब तीन तास चालते. अहवाल लिहायला रविवार जातो तो वेगळाच. एका सेमिस्टरला तीन लॅब घेतलेल्या मुलाचे १५ क्रेडिट आणि एकही लॅब नसलेल्या मुलाचे १५ क्रेडिट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून दोन लॅब, एक गणित आणि एक-दोन साखळीबाहेरचे कोर्स, अशी सेमिस्टर जुळवावी. साखळीबाहेरचे कोर्स, म्हणजे भाषा, इतिहास, कला, हे या पदवीतलं खरं भांडवल आहे आणि ते जपून वापरायचं असतं. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून मग विद्यापीठात जाणाऱ्यांची गाठ नेमकी इथे पडते. स्वस्तात होतात म्हणून त्यांनी सगळे जनरल एज्युकेशनचे कोर्स तिथेच संपवलेले असतात आणि केमिस्ट्री 'मोठ्या विद्यापीठातच करू' म्हणून ठेवलेली असते. उरतात चार सेमिस्टर आणि सहा कड्यांची साखळी. कम्युनिटी कॉलेजात जाणं चुकीचं नाही. तिथे जनरल केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस आधी करावं आणि संगीताचा इतिहास मागे ठेवावा. उन्हाळी सेमिस्टरलाही हाच न्याय. साखळीबाहेरचा एखादा कोर्स उन्हाळ्यात खुशाल घ्यावा. आठ-दहा आठवड्यांत कोंबलेलं ऑरगॅनिक टाळावं. अभिक्रियांच्या यंत्रणा मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ तिथे मिळत नाही.

जीवशास्त्राच्या मुलांनी स्टॅटिस्टिक्स आणि प्रोग्रामिंग पहिल्या वर्षातच घ्यावं, हे माझं आग्रहाचं सांगणं आहे. दोन्हींना पूर्वअट नाममात्र असते, त्यामुळे 'कधीही घेता येईल' म्हणून ते शेवटच्या वर्षावर ढकललं जातं. पण प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत शिरकाव मिळायला दुसऱ्या वर्षी हेच उपयोगी पडतं. पायथॉनमध्ये एक तक्ता वाचून आलेख काढता येणारी विद्यार्थिनी पहिल्या दिवसापासून कामाची असते. जे औपचारिक साखळीत दिसत नाही त्यालाही असं पुढचं काहीतरी अडलेलं असतं.

परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक कुंपण आहे. एफ-१ व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच, तोही तीन क्रेडिटपर्यंतच, धरला जातो. कोर्स जड जातोय म्हणून मध्यावर सोडला तर गुणपत्रकावर 'डब्ल्यू' लागतो, तो फारसा वाईट नाही. पण १३ क्रेडिट घेतलेल्या मुलाने चार क्रेडिटची केमिस्ट्री सोडली की तो नवावर येतो आणि व्हिसाचा नियम मोडतो. आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यायला हवी आणि ती ठरावीक कारणांसाठीच मिळते. म्हणून पहिल्या सेमिस्टरला १६ क्रेडिट घ्यावेत, म्हणजे चार क्रेडिटचा एक कोर्स सोडावा लागला तरी बारा उरतात. अमेरिकी मित्र 'बारा पुरे, आरामात कर' म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार नसते.

हे सगळं आता आपल्याही दारात आलं आहे. साखळी आपल्याकडे पूर्वीही होती, पण ती वर्षांत बांधलेली होती आणि ओढायचं काम कॉलेज करायचं. पुणे विद्यापीठाच्या जुन्या पद्धतीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी चार विषय, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी एक. जो विषय सुटला तो सुटला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये आलं, आणि महाराष्ट्रात ते पदवीला स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. आता मेजर आहे, मायनर आहे, दुसऱ्या विद्याशाखेतला ओपन इलेक्टिव्ह आहे. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. फॉर्मवरचे रकाने वाढले, पण कोणत्या रकान्यातला निर्णय पुढे काय अडवतो हे सांगणारं पान बहुतेक प्रॉस्पेक्टसमध्ये सापडत नाही.

माझ्या मते इथे मायनर सगळ्यांत महत्त्वाचा आहे. फिजिक्स मेजर घेतलेल्याने मायनर गणित घ्यावं, याबद्दल मला शंका नाही. फिजिक्सच्या एम.एस्सी.साठी पदवीला किमान वर्षभर गणित असावं अशी अट काही आयआयटी घालत आल्या आहेत, आणि अट नसती तरी क्वांटमला गणित लागतंच. केमिस्ट्रीच्या मुलांनीही गणिताकडे पाठ फिरवू नये. बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजीच्या मुलांना केमिस्ट्री किंवा स्टॅटिस्टिक्स कामी येईल. ओपन इलेक्टिव्ह मात्र बिनधास्त आवडीने घ्यावा. संगीत, अर्थशास्त्र, पाली, जे आवडेल ते. अनेक कॉलेजांत शिक्षक आणि लॅब यांच्या मर्यादेमुळे यादीत दहा मायनर दिसतात आणि प्रत्यक्षात दोनच चालतात, हे प्रवेशाच्या आधी विचारून घ्यावं.

आपल्या साखळीची खरी पहिली कडी तर त्याहून दोन वर्षं मागे, अकरावीच्या फॉर्मवर आहे. 'गणित टाक, बायो ठेव, म्हणजे नीटला वेळ मिळेल' हा सल्ला घराघरांत दिला जातो. तो देणाऱ्यांनी बाण मोजलेले नसतात. जीवशास्त्र सुटलं तर परत यायची वाट आहे: बारावीला ते नसलेल्यांनी पुढे स्वतंत्र विषय म्हणून उत्तीर्ण होऊन नीट द्यावी, अशी मुभा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. गणित सुटलं की मात्र अनेक दारं एकदम बंद होतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या चार वर्षांच्या विज्ञान पदवीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतात, मग तुम्हाला तिथे जीवशास्त्रातच मेजर करायचा असला तरी. आजचं जीवशास्त्र जनुकांच्या प्रचंड माहितीवर चालतं, ती माहिती वाचायला संख्याशास्त्र लागतं, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने तो रस्ता कायमचा बंद करावा असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. दोन्ही विषय झेपत असतील तर दोन्ही ठेवावेत. एकच ठेवायचा असेल आणि डॉक्टर होण्याचं मनात पक्कं नसेल, तर गणित ठेवावं.

आणि चौथ्या वर्षी संशोधन करायचं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत ऑनर्स विथ रिसर्चला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. म्हणजे पहिल्या सत्रातले गुणही त्यात धरले जातात, ज्या सत्रात मुलं अजून कॉलेजची इमारत ओळखत असतात. प्रवेश घेतानाच विभागप्रमुखांना तीन गोष्टी विचाराव्यात: या कॉलेजात चौथं वर्ष आहे का, गेल्या वर्षी कोणते मायनर प्रत्यक्ष चालले, आणि तिसऱ्या वर्षाचा कोणता पेपर पहिल्या वर्षाच्या कोणत्या पेपरवर उभा आहे. तिसऱ्याचं उत्तर तयार नसेल तर सिलॅबसची तिन्ही वर्षांची पानं मागून घ्यावीत आणि बाण स्वतः काढावेत.